प्रश्न तुमचे : अमेरिकेतला देव, मतपेटी आणि मोबाईल

अमेरिकेतल्या धर्मकारणावर प्रश्न पाठवा असे गेल्या अंकात म्हटले होते. पत्रे आली ती बहुतेक घरातल्या माणसांच्या काळजीतून. कोणाची नात टेक्सासच्या शाळेत आहे, कोणाचा भाचा तिकडच्या देवळात पुजारी म्हणून जाणार आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : अमेरिकेत धर्म आणि सरकार यांच्यामध्ये भिंत आहे असे आम्ही शिकलो. मग डॉलरवर देवाचे नाव कसे? आणि राष्ट्राध्यक्षाला बायबलवर हात ठेवूनच शपथ घ्यावी लागते का? (म्हापसा)

उत्तर : ‘भिंत’ हा शब्द त्यांच्या संविधानात कुठेच नाही. १७९१च्या पहिल्या दुरुस्तीत धर्माविषयी इंग्रजीत मोजून सोळा शब्द आहेत. त्यांचा अर्थ दोन गोष्टींत सांगता येतो. संसदेने कोणताही धर्म सरकारी म्हणून स्थापू नये आणि कोणाच्या धर्माचरणाला आडकाठी करू नये. भिंतीची उपमा आली ती १ जानेवारी १८०२ रोजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांनी कनेटिकटमधल्या डॅनबरी गावच्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना लिहिलेल्या पत्रातून. हे बॅप्टिस्ट तिथे अल्पसंख्य होते आणि राज्याच्या अधिकृत चर्चचा त्यांना जाच होत होता. म्हणजे सरकारपासून संरक्षण हवे होते ते श्रद्धाळूंनाच. आजच्या वादात हे हटकून विसरले जाते.

सुरुवातीला हे बंधन फक्त केंद्र सरकारवर होते. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचे अधिकृत चर्च १८३३पर्यंत टिकून होते. राज्यांनाही ही दुरुस्ती लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९४० आणि १९४७च्या निकालांत पक्के केले.

नाण्यावर ‘आमचा देवावर विश्वास आहे’ हे वाक्य यादवी युद्धाच्या काळात, १८६४ मध्ये आले. राष्ट्रीय बोधवाक्य म्हणून ते १९५६ मध्ये ठरले आणि कागदी नोटांवर १९५७पासून छापले जाऊ लागले. ध्वजप्रतिज्ञेत देवाचा उल्लेख १९५४ मध्ये घातला. समोर नास्तिक सोव्हिएत संघ होता, आपण वेगळे आहोत हे दाखवायचे होते.

शपथेचे म्हणाल तर राष्ट्राध्यक्षाच्या शपथेत ३५ शब्द आहेत आणि त्यांत देव नाही, ग्रंथही नाही. ‘शपथ’ की ‘प्रतिज्ञा’ हेही घेणाऱ्यानेच ठरवायचे. कोणत्याही पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, असे संविधानाच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात सगळे सदस्य एकत्र उभे राहून शपथ घेतात, तेव्हा हातात ग्रंथ असण्याची गरज नसते. आपण पाहतो ते ग्रंथासहचे छायाचित्र नंतरच्या समारंभातले. त्याच समारंभात २००७ मध्ये कीथ एलिसन यांनी जेफर्सन यांच्या संग्रहातले कुराण घेतले आणि २०१३ मध्ये तुलसी गॅबार्ड यांनी भगवद्गीता. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. ते २०२३पासून मिशिगनमधून संसदेत आहेत.

तेव्हा भिंत आहे, पण ती सरकार आणि चर्च या दोन संस्थांमधली. धर्म आणि राजकारण यांच्यामध्ये भिंत घालावी असे त्या देशाने कधीच ठरवले नव्हते. पुढची बहुतेक उत्तरे या एका फरकावर उभी आहेत.

प्रश्न : माझी नात टेक्सासमध्ये सरकारी शाळेत तिसरीला आहे. वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा तक्ता लावणार असे सुनेने कळवले. मुलांवर प्रार्थनेची सक्ती होते का? गणपतीच्या चवथीला सुट्टी मागितली तर देतात का? (फोंडा)

उत्तर : सक्ती होत नाही, हे आधी सांगतो. शाळेने ठरवून दिलेली प्रार्थना १९६२ मध्ये आणि शाळेने घेतलेले बायबलवाचन १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केले. ते दोन्ही निकाल कायम आहेत. मुलाने डबा उघडताना स्वतः श्लोक म्हटला तर त्याला कोणी अडवू शकत नाही. शिक्षकाने वर्गाकडून म्हणवून घेतला तर मात्र ते बेकायदा ठरते.

तक्त्याची गोष्ट जरा लांबची आहे. केंटकी राज्याने असाच कायदा केला होता. १६ इंच रुंद, २० इंच उंच तक्ता, खाजगी देणगीतून, प्रत्येक वर्गात. १९८० मध्ये तो रद्द झाला. टेक्सासचा २०२५चा कायदा काढून बघा, तोच १६ बाय २० इंच आणि तोच देणगीचा मार्ग. रद्द झालेली गोष्ट पुन्हा करण्याचे धैर्य आले ते २०२२च्या एका निकालामुळे. सामना संपल्यावर मैदानाच्या मध्यरेषेवर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या, सरकारी शाळेतल्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा कौल दिला आणि त्यासोबत सरकार धर्माची बाजू घेते का हे तपासण्याची १९७१पासून वापरात असलेली कसोटी मोडीत काढली. आता न्यायालय त्या देशाचा इतिहास आणि परंपरा काय सांगते ते पाहते. त्यामुळे जुने दावे नव्याने लढवता येतील असे राज्यांना वाटू लागले. लुइझियानाने २०२४ मध्ये असाच कायदा केला, तिथे तक्ता ११ बाय १४ इंच. दोन्ही राज्यांत खटले झाले आणि काही शाळा-जिल्ह्यांपुरती मनाईही मिळाली. म्हणून तुमच्या नातीच्या शाळेत आज काय स्थिती आहे हे बातमीवरून ठरवू नका. सुनेने शाळा-जिल्ह्याच्या कार्यालयात लेखी विचारावे.

तिने आणखी काही गोष्टी कराव्यात. ध्वजप्रतिज्ञा म्हणायची नसेल तर टेक्सासमध्ये पालकाचे लेखी पत्र लागते. पत्र दिले की मुलाला सूट मिळते. २०२५च्या आणखी एका कायद्याने शाळांना प्रार्थना आणि धर्मग्रंथवाचनासाठी वेगळा वेळ ठेवता येतो, पण त्यात फक्त पालकाने संमतीपत्रावर सही केलेली मुले बसतात. शाळेतून कागदांचा गठ्ठा घरी येतो आणि पालक एका बैठकीत सगळ्यावर सह्या करून टाकतात. चूक होते ती इथेच. या संमतीपत्रात त्या धोरणाविरुद्ध दावा करण्याचा हक्क सोडून देण्याचे कलम असते. वाचून मगच सही करावी. ‘ब्लूबॉनेट’ नावाचा, बायबलमधल्या कथा असलेला अभ्यासक्रम राज्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. तो ऐच्छिक आहे, पण वापरणाऱ्या शाळेला विद्यार्थ्यामागे ६० डॉलरपर्यंत जादा निधी मिळतो, त्यामुळे आपली शाळा तो वापरते का हे विचारून घ्यावे. धर्माला न पटणाऱ्या धड्यातून मूल बाहेर ठेवण्याचा पालकांचा हक्क जून २०२५ मध्ये मेरीलँडच्या खटल्यात मान्य झाला. त्या खटल्यात मुस्लिम आणि ख्रिस्ती पालक एकत्र लढले होते.

चवथीचे उत्तर सोपे आहे. धार्मिक सणासाठीची गैरहजेरी माफ करणे टेक्सासच्या शिक्षण कायद्याने शाळेला बंधनकारक आहे आणि त्यात प्रवासाचा दिवसही धरतात. सणाच्या आधी तारीख घालून पत्र द्यावे, राहिलेला अभ्यास मुदतीत पुरा करावा. पत्रात ‘फॅमिली फंक्शन’ असे लिहू नये. ‘धार्मिक सण’ हे शब्द त्यात हवेत, कारण सवलत त्या शब्दांना आहे.

प्रश्न : तिकडे चर्चला जाणारे कमी होत चालले असे वाचतो. मग राजकारणात धर्माचा आवाज वाढतोच कसा? (मडगाव)

उत्तर : दोन्ही खरे आहे. प्यू संशोधन केंद्राच्या मोठ्या पाहणीनुसार २००७ मध्ये ७८ टक्के प्रौढ अमेरिकन स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, २०२३-२४ मध्ये ६२ टक्के. ‘कोणताच धर्म नाही’ म्हणणारे १६ वरून २९ टक्क्यांवर गेले. अलीकडच्या काही वर्षांत मात्र ही घसरण थांबल्यासारखी दिसते. गॅलप या पाहणीसंस्थेच्या मोजणीत चर्च, सिनेगॉग, मशीद यांचे सदस्य असलेल्यांचे प्रमाण २०२० मध्ये प्रथमच निम्म्याखाली, ४७ टक्क्यांवर आले.

पण निवडणुकीत सगळे प्रौढ मोजले जात नाहीत, मतदानाला उतरणारे मोजले जातात. त्यातही पक्षांतर्गत प्राथमिक फेरीला फार थोडे लोक जातात. सुसंघटित गट तिथे आपल्या संख्येपेक्षा जड ठरतो. गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबललाच अंतिम आधार मानणाऱ्या प्रॉटेस्टंट) मतदारांपैकी दहातले आठ जण २०१६, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही वेळा ट्रम्प यांच्यामागे होते. इतकी एकगठ्ठा मते ज्या गटाकडे असतात त्याला न्यायाधीशांच्या नेमणुकांत शब्द टाकता येतो. गर्भपाताचा हक्क देणारा १९७३चा निकाल २४ जून २०२२ रोजी उलटला, तो अशाच नेमणुकांच्या पन्नास वर्षांच्या पाठपुराव्यामुळे. आज सर्वोच्च न्यायालयातल्या नऊपैकी सहा न्यायमूर्ती कॅथलिक आहेत. १९६० मध्ये जॉन केनेडींना ह्यूस्टनमध्ये धर्मगुरूंच्या सभेपुढे उभे राहून, आपण व्हॅटिकनचे ऐकून राज्य करणार नाही, असा खुलासा करावा लागला होता. त्या देशाने तिथून इथवर मजल मारली आहे.

या गटाची बांधणी कधी झाली? १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी आपण ‘नव्याने जन्मलेले’ ख्रिस्ती असल्याचे उघड सांगितले. १९७९ मध्ये पाद्री जेरी फॉलवेल यांनी ‘मोरल मेजॉरिटी’ ही संघटना काढली. गर्भपात हे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरे कारण करसवलतीचे होते. वर्णभेद करणाऱ्या ख्रिस्ती शाळांची सवलत सरकार काढू लागले आणि १९८३ मध्ये बॉब जोन्स विद्यापीठ तो खटला हरले. या भीतीने चर्चमधले बरेच लोक राजकारणात उतरले.

पत्रलेखकाने गृहीत धरलेली एक गोष्ट दुरुस्त करतो. धर्म म्हणजे तिकडे फक्त उजवी बाजू असे नाही. नागरी हक्कांची चळवळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमधूनच उभी राहिली. मार्टिन ल्यूथर किंग ज्या अटलांटाच्या एबेनेझर चर्चमध्ये होते, तिथले पाद्री राफेल वॉर्नॉक २०२१पासून डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर आहेत. रविवारच्या प्रार्थनेनंतर बसमधून थेट मतदानाला नेण्याची प्रथा याच चर्चची.

प्रश्न : आमच्या देवस्थानात महाजनांचा (वंशपरंपरेने हक्क असलेल्या सभासदांचा) वाद झाला की मामलेदाराकडे जावे लागते. अमेरिकेत देवळावर, चर्चवर कोणाची देखरेख असते? आणि तिकडच्या एका संस्थेने देणगी मागितली आहे, ती खरी की खोटी हे कसे तपासायचे? (साखळी)

उत्तर : तिकडे मामलेदार नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळातल्या देवस्थान नियमावलीने सरकारी अधिकाऱ्याला महाजनांच्या कारभारात जागा दिली. अमेरिकेत सरकारने तसे केले तर ते पहिल्या दुरुस्तीच्या आड येईल. पुजारी किंवा पाद्री कोणाला नेमायचे, कोणाला काढायचे यात न्यायालय पडत नाही. २०१२च्या निकालात नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी हे एकमताने सांगितले. जागेचा वाद मात्र न्यायालयात चालतो. तिथे खरेदीखत, घटना, विश्वस्तांचे ठराव असे कागद पाहतात, शास्त्र पाहत नाहीत. म्हणून तिकडे देऊळ काढणाऱ्यांचे घटनेतले एखादे वाक्य कच्चे राहिले की पुढे दोन गट होतात आणि वकिलांची बिले भरत बसावे लागते.

सरकारचा हात पोचतो तो करातून. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५०१(सी)(३) खाली धार्मिक संस्थेला करमाफी असते आणि देणगीदारालाही वजावट मिळते. त्या बदल्यात, १९५४ मध्ये सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी घातलेल्या दुरुस्तीनुसार, कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने वा विरोधात प्रचार करायचा नाही. मुद्द्यांवर बोलता येते, मतदार नोंदणी करता येते, सगळ्या उमेदवारांना सारखे बोलावता येते. कारवाई मात्र क्वचितच होते. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनजवळच्या एका चर्चने १९९२च्या निवडणुकीच्या चार दिवस आधी बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि खाली, या खर्चासाठीची देणगी करमुक्त आहे, असे छापले. त्यांची सवलत १९९५ मध्ये गेली आणि अपिलातही ते हरले. व्यासपीठावरून बोलून सोडले असते तर बहुधा कोणी विचारलेही नसते. कागदावर पुरावा ठेवला तिथेच ते सापडले. आता जुलै २०२५ मध्ये करखात्यानेच टेक्सासच्या न्यायालयात वेगळी भूमिका मांडली. प्रार्थनेच्या वेळी, नेहमीच्या माध्यमातून, आपल्याच मंडळीशी श्रद्धेच्या अंगाने उमेदवाराबद्दल बोलणे हा प्रचार धरू नये, असे त्यांनी सांगितले. कायदा पुस्तकात आहे तसाच आहे, पण त्याची धार गेली. आमच्या मते हा बदल वाटतो त्याहून मोठा आहे. राजकीय समितीला दिलेल्या देणगीवर करवजावट नसते, चर्चला दिलेल्या देणगीवर असते. पैसा कोणत्या वाटेने वळेल हे सांगायला नको.

आता देणगीची तपासणी. संस्थेकडे तिचा नऊ अंकी करक्रमांक मागा. अमेरिकी करखात्याच्या संकेतस्थळावर करमुक्त संस्थांचा शोध विनामूल्य आहे, तिथे तो क्रमांक घाला. सवलत रद्द झाली असेल तर तेही दिसते. सलग तीन वर्षे विवरण न भरणाऱ्या संस्थेची सवलत आपोआप जाते. त्यानंतर ‘फॉर्म ९९०’ उघडा. वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत जमा असलेल्या संस्थेला नुसते पोस्टकार्डवजा ई-विवरण पुरते. मोठी संस्था पूर्ण फॉर्म भरते. त्याच्या सातव्या भागात पदाधिकाऱ्यांचे पगार असतात. परदेशात १०,००० डॉलरच्या वर खर्च केला तर ‘शेड्यूल एफ’ असते, पण त्यात ‘दक्षिण आशिया’ एवढेच लिहिलेले असते. गोव्यातल्या अमुक गावात शाळा बांधली हा दावा त्यावरून सिद्ध होत नाही.

यात एक खोच आहे. चर्चला हा फॉर्म भरावाच लागत नाही. कायद्याच्या भाषेत देऊळ, मशीद, गुरुद्वारा हेही ‘चर्च’च. त्यामुळे यादीत नाव नाही म्हणजे संस्था खोटी असे होत नाही, आणि चर्च म्हणून नोंद आहे म्हणजे हिशेब उघडे आहेत असेही नाही. अशा संस्थेकडे वार्षिक सभेत मांडलेला ताळेबंद मागा. नकार आला तर पैसे पाठवू नका.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. आपल्या देवस्थानाला तिकडून देणगी येणार असेल तर देणाऱ्याचा पासपोर्ट बघा. अमेरिकेचे वा पोर्तुगालचे नागरिकत्व घेतलेल्या गोवेकराचे पैसे कायद्याने विदेशी देणगीच ठरतात, मग त्याचे कुलदैवत तुमच्याच गावात का असेना. त्यासाठी संस्थेकडे केंद्राची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले खाते लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवले तर ते विदेशी धरत नाहीत.

प्रश्न : टीव्हीवरचे अमेरिकन प्रवचनकार इतके श्रीमंत आणि वजनदार कसे झाले? (वास्को)

उत्तर : पहिले धार्मिक प्रक्षेपण २ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए रेडिओ केंद्रावरून झाले. तीसच्या दशकात डेट्रॉइटजवळचे फादर चार्ल्स कॉफलिन रेडिओवरून लाखोंपर्यंत पोचले आणि पुढे उघड ज्यूद्वेषाकडे वळले. शेवटी १९४२ मध्ये चर्चनेच त्यांचा राजकीय आवाज बंद केला. त्या काळी मोठी प्रक्षेपण जाळी जुन्या, प्रस्थापित प्रॉटेस्टंट पंथांना, कॅथलिकांना आणि ज्यूंना वेळ फुकट देत. इव्हँजेलिकलांना विकत घ्यावा लागे. तेव्हा हा अन्याय वाटला, पण त्यातून ते श्रोत्यांकडून पैसे उभे करायला शिकले. १९६०पासून विकत घेतलेला वेळही केंद्राच्या लोकसेवेच्या खात्यात धरला जाऊ लागला, तेव्हा फुकटचा वेळ आटला आणि विकत घेणारे पुढे गेले. प्रवचनकार पॅट रॉबर्टसन यांचे ख्रिस्ती प्रक्षेपण जाळे याच सुमारास सुरू झाले.

देणगीदाराने लिफाफा पाठवला की त्याचा पत्ता नोंदला जाई. हा पत्त्यांचा साठा हीच त्यांची खरी ताकद ठरली. रॉबर्टसन १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. ते हरले, पण त्या मोहिमेतल्या कार्यकर्त्यांतून पुढच्याच वर्षी ‘ख्रिश्चन कोअलिशन’ ही राजकीय संघटना उभी राहिली. वादग्रस्त प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडण्याचे प्रक्षेपकांवरचे बंधन १९८७ मध्येच उठले होते. आता पत्त्यांची जागा ॲपने घेतली आहे. ‘हॅलो’ नावाच्या कॅथलिक प्रार्थना-ॲपने २०२४ मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात जाहिरात केली आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला ते ॲपलच्या यादीत पहिले आले.

प्रश्न : लेक न्यू जर्सीत असते. देवळात जाऊन आले की फोनवर हिंदू मतदारांसाठीच्या जाहिराती येतात म्हणते. फोनला कळते कसे? (पणजी)

उत्तर : फोन कोणाचे बोलणे ऐकत असेल अशी शंका लोक घेतात. त्याची गरजच पडत नाही.

प्रत्येक स्मार्टफोनला जाहिरातीसाठी ३२ अंक-अक्षरांची एक खूण असते. हवामानाचे, पंचांगाचे, खेळाचे फुकट ॲप जाहिरात दाखवायची वेळ आली की सेकंदाच्या काही भागात एक लिलाव पुकारते. त्या पुकाऱ्यात ही खूण आणि पुष्कळदा अक्षांश-रेखांश असतात. जाहिरात एकच जण विकत घेतो, पण पुकारा सगळ्या बोलीदारांना ऐकू जातो. हरलेल्यांकडेही माहिती राहते आणि पुढे तिची विक्री होते.

मग कोणी नकाशावर देवळाभोवती रेघ ओढतो. याला जिओफेन्सिंग म्हणतात. त्या रेघेच्या आत आलेल्या खुणा वेगळ्या काढल्या की यादी तयार. पण ती यादी कच्ची असते. पणजीच्या चर्चभोवती अशी रेघ ओढा, पायऱ्यांवर फोटो काढणारे पर्यटक आणि समोरच्या बागेत बसलेली माणसे त्यात येतील. मंगेशीला ओढा, बसच्या तळावरचे चालक येतील. जाड भिंतींच्या आत उपग्रहाचा संकेत दबतो आणि फोन स्वतःला शेजारच्या दुकानात समजतो. म्हणून जाणकार चाळणी लावतात. किमान वीस-तीस मिनिटे थांबलेला, आणि तीन महिन्यांत निदान तीन वेळा आलेला. आता पर्यटक गळतात आणि भाविक उरतात.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. तोच फोन रोज रात्री जिथे असतो ते घर. अमेरिकेत मतदारयादी पक्षांना मिळते. नाव, पत्ता, मागच्या निवडणुकीत मत दिले की नाही आणि बऱ्याच राज्यांत कोणत्या पक्षाकडे नोंदणी आहे हेही त्यात असते. मत कोणाला दिले ते नसते. रात्रीचे घर आणि यादीतला पत्ता जुळला की भाविकाला नाव मिळते. २०२०च्या निवडणुकीत विस्कॉन्सिनमध्ये एका कॅथलिक राजकीय गटाने चर्चला जाणाऱ्यांवर हे तंत्र वापरले.

यातून काय बिघडते? त्याच वर्षी उघड झाले की नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या ‘मुस्लिम प्रो’ ॲपमधली स्थाने दलालामार्फत अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत जात होती. २०२१ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेच्या सरचिटणिसांना पद सोडावे लागले, कारण बाजारात मिळणाऱ्या अशाच माहितीवरून त्यांच्या खाजगी आयुष्याचा माग काढला गेला. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एका दलालावर प्रार्थनास्थळांसारख्या नाजूक जागांची माहिती विकायला बंदी घातली. सगळ्या व्यवसायाला लागू होईल असा व्यापक केंद्रीय गोपनीयता कायदा मात्र तिथे नाही. देवळात जाणे ही कोणाच्या यादीत विकली जाणारी वस्तू व्हावी, हे आम्हाला गंभीर वाटते.

लेकीला सांगा : अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी’, ‘ॲड्स’ इथे जाऊन ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ करावे. आयफोनमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘ट्रॅकिंग’, तिथले बटण बंद. नंतर लोकेशनच्या यादीत एकेक ॲप बघावे. पंचांगाला, आरतीच्या ॲपला स्थान कशाला हवे? नकाशाला ‘वापरताना’ एवढीच परवानगी पुरे, आणि बाकीच्यांचे ‘प्रिसाइज लोकेशन’ बंद. याने जुनी विकली गेलेली माहिती परत येत नाही. शिवाय देवळाच्या अभिषेकाच्या फॉर्मवर दिलेला फोन नंबर आणि ईमेल यांवरूनही जाहिरात जुळवता येते. तो फॉर्म कोणत्या कंपनीकडून चालवला जातो हे देवळाच्या समितीला विचारायला हरकत नाही.

प्रश्न : एआयकडे कुमसार (पाद्रीपुढची पापांची कबुली) करता येतो असे मुले म्हणतात. चर्चला ते चालते का? (शिवोली)

उत्तर : चालत नाही. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत हे व्हॅटिकनने २००२ मध्येच स्पष्ट केले होते. त्याला दीक्षित पाद्री हवा आणि समोरासमोर हवा.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ‘कॅथलिक आन्सर्स’ या संस्थेने ‘फादर जस्टिन’ नावाचा चॅटबॉट काढला, पाद्रीच्या वेशातला. त्याने आपण खरेच पाद्री असल्याचे सांगितले, कोणाचा कुमसार ऐकून क्षमा दिली आणि गेटोरेड या पेयाने बाळाचा बाप्तिस्मा चालेल असेही म्हटले. बाप्तिस्म्याला पाणीच लागते. आठवड्याच्या आत त्याचा झगा आणि ‘फादर’ पदवी काढून घेतली. संस्था जाणत्या लोकांची होती, तरी चूक झाली. ही यंत्रे मजकुरात पुढे कोणते शब्द येण्याची शक्यता जास्त ते जुळवतात. पाद्रीचा वेश आणि नाव दिले की पाद्रीच्या तोंडचे पुढचे वाक्य येणार, आणि ते क्षमेचेच असणार. अधिकार आहे की नाही हे त्या जुळवणीला कळत नाही.

शिकागोत जन्मलेले पोप लिओ चौदावे मे २०२५ मध्ये निवडून आले. लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कारखान्यांतल्या कामगारांच्या बाजूने पत्रक काढले होते. तसाच प्रश्न आता कृत्रिम बुद्धिमत्तेने उभा केला आहे, म्हणून हे नाव घेतले, असे त्यांनी निवडीनंतर दोनच दिवसांत कार्डिनलांना सांगितले. मुलांना ॲपवरून प्रार्थना शिकू द्या, सणाची तारीख विचारू द्या. मनातले ओझे मात्र फादरकडेच न्यायला सांगा.

प्रश्न : भाच्याला अमेरिकेतल्या एका देवळाने पुजारी म्हणून बोलावले आहे. पर्यटक व्हिसावर जा, मग बघू, असे मध्यस्थ म्हणतो. (पेडणे)

उत्तर : जाऊ देऊ नका. पर्यटक व्हिसावर नोकरी धरली तर पुढचे सगळे व्हिसा धोक्यात येतात. धर्मसेवकासाठी ‘आर-१’ व्हिसा आहे. अर्ज भाच्याने नव्हे, देवळाने करायचा, ‘फॉर्म आय-१२९’ आणि त्याची आर पुरवणी. देऊळ करमुक्त संस्था हवे. भाचा अर्जाआधीची किमान दोन वर्षे त्याच संप्रदायात असल्याचा पुरावा हवा. इथल्या देवस्थानाचे किंवा मठाचे पत्र, पाठशाळेचे प्रमाणपत्र, तारखांसह. काम आठवड्याला सरासरी २० तास तरी असावे. पहिल्यांदा ३० महिन्यांपर्यंत मंजुरी मिळते, एकूण मुदत ५ वर्षे.

अर्ज अडतात ते कामाच्या वर्णनावर. ‘पूजा, स्वयंपाक, साफसफाई, वाहन चालवणे’ असे लिहिले की ते धर्मसेवकाचे पद राहत नाही. नित्यपूजा, अभिषेक, संस्कार यांचे आठवड्याचे वेळापत्रक जोडावे. पगार किंवा राहण्या-जेवणाची सोय कशातून होणार, हे देवळाच्या हिशेबाच्या कागदांवरून दाखवावे. अधिकारी देवळात प्रत्यक्ष येऊन पाहणी करू शकतात, तेव्हा कागदावर लिहिलेली खोली तिथे असली पाहिजे. आणि भाच्याचा पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, विश्वस्तांच्याही नाही.